मला कोणीही अडवले नाही

१३ जुलै, रविवार

पळालो! चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस. धोतराचा सोगा हातात, एक चप्पल पायात, दुसरी गेटवर. सरकारी गोदामाच्या आवारात कोंबड्याच्या मागे पळालो आणि गणवेशातला गार्ड माझ्या मागे. ‘थांबा!’ म्हणून दोनदा ओरडला. थांबलो नाही.

अक्षर नीट येत नाही. तसं ते कधीच नीट नव्हतं, सातवी नापासाचं अक्षर ते. पण डॉक्टर म्हणालेत, पडून विचार करत बसण्यापेक्षा लिहून काढत जा, बीपी उतरेल. बघू उतरतं का.

घडलं ते असं. आमची नात हर्षाली पोलीस भरतीत निवडली गेली. त्याआधी आमच्या हिने म्हसोबाला बोलून ठेवलं होतं — पोरीचं काम होऊ दे, आखाडात कोंबडा देईन. आमचा म्हसोबा त्या गोदामाच्या आवारात, कडुनिंबाखाली आहे. जमीन बापाच्या वेळी सरकारने घेतली. देव उचलायचा कुणाला धीर झाला नाही, तो आतच राहिला. तेव्हापासून दर आखाडातल्या एका रविवारी आम्ही आत जातो. देवाला मान, बाकीचा घरी आणून रस्सा. जुने गार्ड तोंड फिरवायचे, संध्याकाळी त्यांना डबा पोहोचायचा. पन्नास वर्षं असंच चाललं होतं. पास कसला नि काय कसलं.

यंदा हिचे गुडघे गेले म्हणून मी एकटा गेलो. तिथेच चुकलं. एकट्याने जावं असा मी माणूस नाही!

गेटवर नवाच गार्ड. पंचविशीतला, बारीक, मिशी नुकती जमवायला घेतलेली. छातीवर नाव — राकेश.

‘बाबा, पास?’

‘कसला पास? देवाला चाललोय.’

‘नवीन साहेबांचा हुकूम आहे. पास नाही तर आत नाही. पिशवीत काय?’

‘भाजी.’

भाजी आरवली.

आता हिने कोंबड्याचे पाय सुतळीने घट्ट बांधून दिले होते. वाटेत मला त्याची दया आली, गाठ सैल केली. दोन तासांनी ज्याची मान कापायची त्याच्या पायाची मला दया! गार्डने पिशवीचं तोंड उघडलं आणि कोंबडा त्याच्या खांद्यावरून उडी मारून गेटच्या दांड्याखालून आत. मी त्याच्या मागे. गार्ड काहीतरी ओरडत होता. कोंबडा बरोबर कडुनिंबावर जाऊन बसला, म्हसोबाच्या डोक्यावरच्या फांदीवर. मी खाली धापा टाकत.

तेवढ्यात जीप. रविवारचे साहेब कशाला येतात! नाव, गाव, आधार नंबर, सगळं लिहून घेतलं. ‘बुधवारी अकरा वाजता ऑफिसात या. जबाब द्यायचा.’ मग मला ती गेटजवळची पाटी दाखवली. ‘सुरक्षा कर्मचाऱ्यांच्या सूचनांचे पालन न केल्यास कायदेशीर कारवाई करण्यात येईल.’ पन्नास वर्षं त्या पाटीला सायकल टेकवली. वाचली आज.

घरी आलो. हिने विचारलं, ‘दिला?’

‘दिला.’

‘मग मटण कुठं हाय?’

‘तिथल्या लोकांना देऊन टाकलं.’

‘अख्खा कोंबडा?’

‘अख्खा.’

आमची लंकाबाई माझ्याकडे इतका वेळ बघत राहिली की मी उठून गाईला पाणी दाखवायला गेलो. गाय आम्ही मागच्या वर्षीच विकली.

१४ जुलै, सोमवार

बीपीची गोळी सकाळी घेतली की नाही, आठवेना. घेतली असली तर दुसरी नको, नसली तर हवी. शेवटी अर्धी घेतली.

१५ जुलै, मंगळवार

नाथाला घेऊन नाशिक रोडच्या कोर्टाकडे गेलो. नाथा माझा शाळेपासूनचा मित्र. तहसीलला तीस वर्षं शिपाई होता. दाराबाहेर स्टुलावर बसून त्याने जेवढा कायदा ऐकलाय तेवढा वकिलांनी वाचला नसेल, असं तो स्वतःच सांगतो.

कोर्टाबाहेर झाडाखाली एक टायपिंगवाला बसतो. त्याला विचारलं — माझ्यासाठी नाही, ‘एका ओळखीच्या माणसासाठी’.

तो टाइप करता करता बोलत होता, वर बघितलंसुद्धा नाही. ‘परवानगीशिवाय शिरला आणि हेतू वाईट निघाला, तर तीन महिने नाहीतर पाच हजार, नाहीतर दोन्ही. सरकारी माणसाच्या कामात अडथळा आणला, तर तीन महिने नाहीतर अडीच हजार, नाहीतर दोन्ही. अधिकाऱ्याने काढलेला हुकूम मोडला, तर सहा महिन्यांपर्यंत. ओळखीच्या माणसाचा हेतू काय होता?’

‘कोंबडा,’ मी म्हणालो.

आता त्याने वर बघितलं.

तीन आणि तीन सहा, सहा आणि सहा बारा. वर्ष! म्हणजे झेंडूची दोन पिकं. आतमध्ये पथ्याचं देतात का, गोळ्या कोण देतं, हे विचारायचं राहिलं. नाथाने ओढून बाजूला नेलं.

आणि खरी भीती ती नाहीच. हर्षालीची चारित्र्य पडताळणी अजून व्हायची आहे. पोलिसांनी कागद काढला आणि आजोबाच्या नावावर गुन्हा निघाला, तर? तीन वर्षं पोरगी पहाटे पाच वाजता धावली. एक वर्ष सहा मार्कांनी राहिली, तेव्हा आठ दिवस जेवली नव्हती. आणि मी एका सकाळी धावलो, तेही कोंबड्यामागे, तर सगळं पाण्यात?

नाथा चहा पिता पिता म्हणाला, ‘पुंजा, डोकं वापर. हुकूम मोडला म्हणायला आधी हुकूम दिलेला पाहिजे का नको?’

‘पाहिजे.’

‘मग तू सांग — मला गेटवर कुणी अडवलंच नाही. गेट उघडं होतं, गेलो. म्हातारा माणूस, देवाला गेलो. मिटलं!’

‘आणि कॅमेरा?’

‘पहिल्या पावसातच बंद पडलाय. मी काल विचारून आलो.’

नाथाला मी मूर्ख समजत होतो. चूक झाली. तो फार हुशार आहे.

१६ जुलै, बुधवार

दिला जबाब. साहेब चष्म्याचे, फौजेतून आलेले, आवाज खाली ठेवून बोलणारे. अशा माणसाची जास्त भीती वाटते. कागद पुढे केला. मी एक ओळ लिहिली, पाठ करून गेलो होतो. ‘मला गेटवर कोणीही अडवले नाही.’ खाली सही. पुंजारामचा ‘पुं’ नेहमीपेक्षा चांगला आला.

साहेबांनी दोनदा वाचलं. ‘गार्ड म्हणतो, त्याने दोनदा थांबायला सांगितलं. तुम्ही ऐकलं नाही.’

‘मला कोणी अडवलं नाही, साहेब.’

‘नक्की?’

‘नक्की.’

गार्ड दाराशी ताठ उभा होता. माझ्याकडे बघत होता. मी पंख्याकडे बघत होतो. चांगला पंखा होता. तीन पाती.

१७ जुलै, गुरुवार

झोप लागली.

१८ जुलै, शुक्रवार

आज तर मेलोच होतो!

दुपारी झेंडूत खुरपत होतो. मोटारसायकल थांबल्याचा आवाज. बघतो तर हवालदार. खाकी दिसली. झेंडूच्या दोन ओळींच्या मधे आडवा झालो. ओली माती, वर फुलं, मला वाटलं माझी तयारीच झाली.

घरातून हवालदाराचा आवाज, ‘आजोबा कुठे आहेत?’

आणि आमची बायको, जिच्याशी मी बावन्न वर्षं संसार केला, काय सांगते? ‘ते व्हय? ते झेंडूत पडल्यात.’

‘पडलेत? म्हणजे?’

‘आत्ता उभे व्हते. तुमाला बघून पडले.’

हवालदार आला, हात देऊन उठवलं. हर्षालीच्या पडताळणीसाठी आला होता. शेजारच्या दोघांच्या सह्या हव्या होत्या, मुलगी इथेच राहते का, वागायला कशी, एवढंच. चहा प्याला, वरून निघताना दोन कणसं घेऊन गेला. माझ्या कमरेला लागलेला चिखल त्याने स्वतः झटकला.

हर्षाली म्हणाली, ‘आजोबा, तुम्हाला चक्कर आली होती का?’

‘हो.’

ही म्हणाली, ‘चक्कर कसली. कायतरी केलंय यांनी.’

२२ जुलै, मंगळवार

सुटलो!! ऑफिसातून फोन आला — ‘तुमच्याविरुद्ध कारवाई नाही. पुन्हा पासशिवाय यायचं नाही.’ मी दहा वेळा हो म्हणालो. फोन ठेवल्यावरही दोनदा म्हणालो.

नाथाला जिलेबी खाऊ घातली. पाव किलो तो, पाव किलो मी. साखर तपासायला पुढच्या महिन्यात जाईन.

२४ जुलै, गुरुवार

आखाडातली अवस. पहाटे ही अंगणात उभी. मला हलवून उठवलं. ‘ऐका.’

गोदामाच्या भिंतीपलीकडून कोंबडा आरवला.

‘हा आपला हाय.’

‘काहीतरी काय! कोंबडे काय सगळे सारखेच आरवतात.’

‘अंड्यातून निघाल्यापासून सांभाळलाय मी त्याला. शेवटाला घसा बसल्यावानी करतोय, आपलाच तो. कापलेला कोंबडा आरवतो कसा, सांगा मला.’

सांगावं लागलं. सगळं नाही. कोंबडा सुटला एवढं सांगितलं. गार्डचं, जबाबाचं गाळलं.

मला वाटलं शिव्या देईल. ती भिंतीकडे बघत बसली, मग म्हणाली, ‘म्हणजे त्यानं जिताच ठेवून घेतला. राहू द्या. देवाला पण कुणी सोबत नको व्हय? भिंतीत कोंडलाय बिचारा पन्नास वरसं.’

उद्यापासून श्रावण. कोंबडा वाचला, मी वाचलो. दोघेही चांगले निगरगट्ट.

२७ जुलै, रविवार

लिहू की नको.

हिने ज्वारीची ओंजळभर कणसं दिली, म्हणाली गेटवरच्या पोराला द्या, कोंबड्याला टाकेल. मीही ऐटीत गेलो. आता मला कसली भीती! गेटवर दुसराच गार्ड, पोट सुटलेला, पन्नाशीचा. त्याने कणसं घेतली. म्हणाला, ‘बरं झालं. आम्ही चपातीचे तुकडे टाकतो. राकेशनेच सवय लावली होती त्याला.’

‘तो कुठे आहे? सुट्टीवर?’

‘कसली सुट्टी. घरी बसवलं. करारावरचा पोरगा, एक कागद पुरतो. कोणी म्हातारा आत शिरला होता. राकेश सांगतो मी अडवलं. म्हाताऱ्याने लिहून दिलं, मला कुणी अडवलंच नाही. मग साहेबांनी धरलं — तू गेटवर नव्हतास, नाहीतर झोपला होतास, वर खोटं बोलतोस. साहेब म्हणाले, एवढा वयस्कर माणूस देवाला आलेला, तो कशाला खोटं बोलेल?’

मी विचारलं, आता तो काय करतो?

‘नामपूरला गेला, गावी. कांदा मार्केटला गोण्या उचलतोय. लहान पोरगी आहे त्याला. तुम्ही ओळखता का त्याला, बाबा?’

‘नाही,’ म्हणालो.

आणखी एक खोटं. मोजत नाही आता.

२८ जुलै, सोमवार

नाथाकडे गेलो. सांगितलं. तो म्हणाला, ‘तुझं निभावलं ना? मग गप बस. तरुण आहे तो, दुसरीकडे लागेल.’

‘त्याचं खरं होतं, नाथा.’

‘खरं होतं म्हणून काय झालं? तहसीलला तीस वर्षं खरं बोलणारी माणसं बघितलीत मी. सगळी बाहेर स्टुलाशेजारी बसलेली असायची.’

नाथाला मी हुशार समजत होतो.

२९ जुलै, मंगळवार

नागपंचमी. हिने दिंडं केली. एक खाल्लं. दुसरं परत ठेवलं. ही म्हणते पित्त.

३० जुलै, बुधवार

पहिल्या दिवशी या वहीत मी ‘थांबा’ एवढंच लिहिलं, आणि पुढे — ‘गार्ड काहीतरी ओरडत होता.’ ते खोटं आहे. वहीला कोण विचारणार होतं? तरी खोटं लिहिलं. काय माणूस आहे मी!

मला सगळं ऐकू आलं होतं. पहिल्यांदा ‘थांबा’, दुसऱ्यांदा ‘बाबा, थांबा, पडाल’. आणि मी कडुनिंबापाशी पोहोचलो तेव्हा तो मागून त्याच्या बोलीत ओरडला — ‘बाबा, मनी नोकरी जाई!’

माझी नोकरी जाईल. एवढी अहिराणी मला कळते. आईचं माहेर सटाण्याकडचं.

त्याने माझा दंडही धरला नाही. धरू शकला असता. हात पुढे केला आणि मागे घेतला, मी पडेन म्हणून. तो हात मला दिसला होता.

लिहिलं आता. बीपी काही उतरलं नाही.

३१ जुलै, गुरुवार

सकाळपासून मनात हिशेब मांडतोय. खरं सांगायला गेलो तर माझ्यावर दोन गुन्हे — आधीचा, आणि खोटा जबाब दिल्याचा. हर्षालीचा कागद अजून वर गेला की नाही माहीत नाही. तिच्या डोक्यावर पाय ठेवून त्या पोराला वर काढू का? तिचं वाटोळं करण्याचा मला काय अधिकार? असं स्वतःला सांगितलं की जरा बरं वाटतं. पोरीसाठी गप्प बसणारा आजोबा — ऐकायला किती चांगलं!

२ ऑगस्ट, शनिवार

हर्षालीला सांगितलं. ती बूट धूत होती, मी बाजूला पाट घेऊन बसलो. कोंबड्यापासून सांगितलं. भाजी आरवली तिथे ती इतकी हसली की ब्रश पाण्यात पडला. पंख्यापर्यंत आलो तेव्हा हसणं थांबलं होतं. शेवटी मी म्हणालो, ‘तुझ्या पडताळणीमुळे मी गप्प आहे, बाई. नाहीतर कधीच जाऊन सांगितलं असतं.’

ती म्हणाली, ‘फॉर्मात माझ्यावर गुन्हा आहे का ते विचारलंय, आजोबा. तुमच्यावर नाही.’

‘म्हणजे तुझं काही होणार नाही?’

‘काही नाही.’

इतकं साधं होतं. विचारलं असतं तर पहिल्याच दिवशी कळलं असतं. आता घाबरायला पोरीचं निमित्तही उरलं नाही. उरलो मी एकटाच, बारा महिन्यांच्या हिशेबासकट.

ती बुटाच्या नाड्या पिळत राहिली. मग खालीच बघून म्हणाली, ‘सहा महिन्यांनी मी अशीच कुठेतरी उभी असेन. कुणाला तरी थांबा म्हणेन. तुमच्या वयाचा कुणी असेल तर अंगाला हात लावणार नाही. आणि तो लिहून देईल की तिथे कुणी नव्हतंच.’

एवढंच. जा म्हणाली नाही, जाऊ नका म्हणाली नाही. बूट उन्हात ठेवले आणि आत गेली.

मागून ही आली. दाराआडून सगळं ऐकलेलं. मला वाटलं आता सुरू होईल.

‘उद्या रविवार हाय,’ ती म्हणाली. ‘सोमवारी जावा. धुतलेलं धोतर काढून ठेवते. आणि या टायमाला पिशवी नेऊ नका संगं!’

४ ऑगस्ट, सोमवार

गेलो. गेटवर थांबलो, सांगितल्याशिवाय पाऊल पुढे टाकलं नाही. पोटवाल्या गार्डने वहीत नाव लिहिलं, पास दिला, गळ्यात अडकवला. नाव वाचून माझ्याकडे बघितलं. पास देताना हात जरा आपटला.

साहेबांना म्हणालो, ‘मला तो जबाब बदलायचा आहे.’

‘प्रकरण बंद झालंय.’

‘उघडा, साहेब.’

असं मी म्हणालो! मी! घरात पंख्याचं बटण दाबायला हिला विचारणारा माणूस.

कागद दिला. या वेळी काही पाठ करून गेलो नव्हतो, त्यामुळे अर्धा तास लागला. लिहिलं — मला गेटवर गार्ड राकेश यांनी अडवले होते. पास मागितला. पिशवी तपासली. दोनदा थांबा म्हणाले. मी ऐकले नाही. त्यांनी मला धरले नाही कारण मी पडलो असतो. आधीचा जबाब मी भीतीने खोटा दिला. त्यांची काही चूक नाही. चूक कोंबड्याचीही नाही.

शेवटची ओळ साहेबांनी खोडायला लावली.

मग म्हणाले, ‘काय लिहून देताय कळतंय का? हे आता माझ्याकडे राहणार नाही. पोलिसांकडे जाईल, तिथून कोर्टात.’

‘कळतंय.’

‘या वयात कशाला हे ओढवून घेता?’

‘तो पोरगा परत येईल का, साहेब?’

‘ते माझ्या हातात नाही. मी वर लिहीन.’

‘लिहा,’ म्हणालो. दारापाशी आलो. जिथे तो ताठ उभा होता ना, तिथेच भिंतीला धरून जरा उभा राहिलो.

५ ऑगस्ट, मंगळवार

कुणी आलं नाही. पिशवी भरून ठेवली आहे — दोन धोतरं, गोळ्या, चष्मा, ही वही. हिने त्यात शेंगदाण्याचा लाडू टाकला. म्हणते, तुरुंगात नाय तर वाटेत तरी खाल.

९ ऑगस्ट, शनिवार

राखीपौर्णिमा. कुणी आलं नाही. लाडू खाल्ला.

२० ऑगस्ट, बुधवार

आलं! पोलीस ठाण्याची नोटीस. गेलो. हर्षाली बरोबर आली, हट्टाने. जबाब घेतला, सही, अंगठाही घेतला. अटक नाही. कोर्टाची तारीख कळवू म्हणाले. तोच हवालदार होता, कणसंवाला. म्हणाला, ‘बाबा, त्या दिवशी झेंडूत पडलात ते यामुळेच का?’

हो म्हणालो. अर्ध्या ठाण्याला त्याने ती गोष्ट सांगितली. लोक हसले, मीही हसलो. भीतीच्या जागी बसून हसता येतं हे ठाऊक नव्हतं.

१४ सप्टेंबर, रविवार

गेटसमोरच्या टपरीवर रोज एक चहा. तोच पोटवाला गार्ड. राकेश नाही. विचारायचा धीर होत नाही. पण आज त्याने आपण होऊन सांगितलं, ‘अजून काही आदेश नाही.’ आणि माझ्या चहाचे पैसे त्यानेच दिले.

२३ ऑक्टोबर, गुरुवार

भाऊबीज. हर्षालीचं ट्रेनिंगचं पत्र आलं. घरात नुसता गोंधळ, पेढे, फोनवर फोन. मला काय झालं कुणास ठाऊक, मी झेंडूत जाऊन बसलो. या वेळी बसलो, पडलो नाही. आमचं झालं. त्याचं काय?

कोंबडा भिंतीपलीकडून आरवला. शेवटाला घसा बसतो त्याचा. खरंच आपलाच आहे.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

समन्स. ११ डिसेंबर, सकाळी अकरा. नाथा म्हणाला, ‘अजून वेळ आहे. सांग, म्हातारपणी विसरलो होतो, नक्की आठवत नाही. मी डॉक्टरचा कागद आणून देतो.’

‘नाथा,’ मी म्हणालो, ‘जिलेबी खा आणि गप बस.’

१० डिसेंबर, बुधवार

पिशवी पुन्हा भरली. लाडू दोन. ही म्हणाली, ‘एक त्या जज्जाला द्या.’ थट्टा करते. मग पाठ फिरवून डोळे पुसले. मला दिसलं नाही असं तिला वाटावं, म्हणून मी पंख्याकडे बघत राहिलो.

११ डिसेंबर, गुरुवार

‘गुन्हा कबूल?’ ‘कबूल.’ पाचशे रुपये दंड आणि कोर्ट उठेपर्यंत कैद. कैद म्हणजे मागच्या बाकावर बसून राहायचं, संध्याकाळपर्यंत! पाच महिने मी ज्याला भ्यालो ते हेच — एक लाकडी बाक.

साक्षीला राकेशला बोलावलं होतं. साक्ष लागलीच नाही. पण तो आला होता. गणवेशात! बिल्ला नवा, सिन्नरकडची नेमणूक. साहेबांनी वर लिहिलं ते कामी आलं म्हणायचं. त्याला जायला मोकळीक होती. गेला नाही. येऊन शेजारी बसला, समोर बघत. मी लाडू पुढे केला. घेतला.

साडेचारला पाय अवघडला, मी उठायला लागलो. गुडघ्यावर हात पडला.

‘थांबा, बाबा.’

थांबलो.